पॅकेज म्हणजे पगार नव्हे : बी.कॉम., बीबीए, एमबीएचा हिशोब गटाच्या पद्धतीने



बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आपल्या गटांच्या बैठकीत कर्जमागणीचं एक कारण हमखास वाढतं. पोराची फी, पोरीचं अॅडमिशन. खत-बियाणं, म्हैस, घरदुरुस्ती यांच्या रांगेत आता बीबीए, एमबीए हे शब्दही येऊन बसलेत.

एखादीनं म्हशीसाठी कर्ज मागितलं तर आपण काय काय विचारतो बघा. म्हैस कितव्या वेताची, दूध किती, फॅट किती लागतं, वैरण घरची की विकतची, आणि हप्ता कशातून जाणार? पण 'एमबीएला पाहिजे' म्हटलं की सगळ्या गप्प. शिक्षणाला नाही कसं म्हणायचं, आणि त्यातलं आपल्याला काय कळतंय, असं दोन्ही वाटतं. खरं तर कळतं. हप्ता कशातून जाणार, हा जो प्रश्न आपण म्हशीला विचारतो, तोच पदवीलाही विचारायचा. त्यासाठी लागणारी माहिती या पाठात दिली आहे. बैठकीत एकीनं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा, आणि शेवटचा सराव सगळ्यांनी मिळून करावा.

१. या पदव्या आहेत तरी काय?

बी.कॉम. म्हणजे वाणिज्य शाखेची पदवी. हिशोब, लेखापरीक्षण, कर, बँकिंग हे विषय. बारावीनंतर ३ वर्षं. नव्या शैक्षणिक धोरणात ज्याला हवं त्याला चौथं 'ऑनर्स'चं वर्ष करता येतं. प्रवेश बारावीच्या गुणांवर, आणि फी या तिन्हींत सर्वसाधारणपणे कमी. तालुक्याच्या गावीही कॉलेज मिळतं.

बीबीए म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी. हीसुद्धा बारावीनंतरच. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या मान्यतेखाली आला आणि राज्यात त्यासाठी सीईटी सुरू झाली. त्यामुळे बीबीए करायचं असेल तर बारावीच्या वर्षातच सीईटीच्या फॉर्मकडं लक्ष ठेवावं लागतं.

एमबीए हे कुठल्याही पदवीनंतरचं २ वर्षांचं शिक्षण. बी.ए., बी.एस्सी., इंजिनिअर कुणीही करू शकतं. पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के. त्याचीही वेगळी सीईटी आहे.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, सायबर ही व्यवस्थापनाचं शिक्षण देणारी संस्था १९७६ पासून आहे, शिवाय इतरही कॉलेजं आहेत. म्हणजे एवढ्या शिक्षणासाठी पुण्यालाच गेलं पाहिजे असं नाही.

कॉलेज कुठलंही असो, पैसे भरण्याआधी एक गोष्ट विचाराच. शेवटी हातात पडणार ते विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र की नुसता संस्थेचा डिप्लोमा? आणि संस्थेला एआयसीटीईची मान्यता आहे का? उत्तर तोंडी घेऊ नका. मान्यतेचं पत्र बघायला मागा, किंवा पोरांना सांगून परिषदेच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव शोधा.

२. शिकून झाल्यावर काम कुठलं?

पोरगं 'एमबीए करतोय' म्हणतं, पण कशात, हे घरात कुणाला माहीत नसतं. कामाचे ढोबळ पाच प्रकार आहेत : हिशोब आणि कर, बँक-पतसंस्था-विमा, विक्री आणि मार्केटिंग, कामगार-कर्मचारी विभाग म्हणजे एचआर, आणि खरेदी-भांडार-वाहतूक.

आपल्या जिल्ह्यात ही कामं आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत आहे, इचलकरंजीला कापड आहे, हुपरीला चांदी आहे. १९६३ साली सुरू झालेला गोकुळ दूध संघ आहे, वारणा आहे, साखर कारखाने आहेत, जिल्हा बँक आहे, आणि गावोगाव पतसंस्था, सेवा सोसायट्या, दूध संस्था आहेत. या प्रत्येक ठिकाणी बिलं फाडणारा, जीएसटीचा हिशोब ठेवणारा, पगारपत्रक करणारा माणूस लागतोच.

मात्र पहिल्या नोकरीचा पगार लहान असतो. आपल्याच गावातून रोज एमआयडीसीला किंवा शाहूपुरी, राजारामपुरीतल्या ऑफिसला जाणाऱ्या पोरापोरींना विचारून बघा. नव्या पदवीधराच्या पाच आकडी पगाराचा पहिला आकडा बहुतेक वेळा १ असतो. दोन-तीन वर्षांत कोण पुढं सरकतं? ज्याला टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं रिटर्न हात न थरथरता येतं, जो मराठीइतकंच नाही तरी कामापुरतं इंग्रजी बोलतो-लिहितो, आणि जो हिशोबात चूक सापडली तर सांगतो. पदवीमुळं मुलाखतीला बोलावतात. पगार वाढतो तो कामामुळं.

विक्रीच्या नोकऱ्या सगळ्यात जास्त आणि लवकर मिळतात. त्यात पगाराचा एक भाग 'टार्गेट'वर असतो. आपल्या दारात कंपनीचा हप्ता गोळा करायला येणारा पोरगा आठवा. त्यातले कितीतरी पदवीधर असतात. दिवसभर गाडीवर, पेट्रोल, वसुलीचा ताण. काम वाईट नाही, पण 'फायनान्स कंपनीत ऑफिसर' म्हणजे रोजचं काम काय, हे घरच्यांना आधी माहीत असावं.

३. पॅकेज आणि हातातला पगार

कॉलेजच्या जाहिरातीत 'पॅकेज' लिहिलेलं असतं. पॅकेज म्हणजे कंपनीला त्या माणसावर वर्षाला येणारा सगळा खर्च. तो सगळा हातात येत नाही. समजा, पॅकेज ३ लाखांचं आहे. आपण लगेच १२ नं भागतो आणि महिना २५,००० म्हणतो. आता एक नमुना हिशोब बघा. यात मूळ पगार १२,५०० धरलाय.

कंपनीचा महिन्याचा खर्च : २५,०००
त्यातून कंपनीचा पीएफचा वाटा : १,५००
कंपनीचा ईएसआयचा वाटा : ६५०
ग्रॅच्युइटीसाठी बाजूला : ६००
टार्गेट झालं तरच मिळणारा भत्ता : २,२५०
पगारपत्रकावरचा पगार : २०,०००
त्यातून कर्मचाऱ्याचा पीएफ : १,५००
त्यातून कर्मचाऱ्याचा ईएसआय : १५०
हातात : १८,३५०

पुरुष असेल तर व्यवसाय कराचे आणखी २०० जातात, म्हणजे १८,१५०. बाईचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल तर महाराष्ट्रात २०२३ पासून तिला व्यवसाय कर नाही.

पीएफचे पैसे वाया जात नाहीत. ती सक्तीची बचतच आहे. दोघांचे मिळून ३,००० दर महिन्याला जमा होतात, त्यातला काही भाग पेन्शनसाठी जातो. ईएसआयमुळं कुटुंबाला दवाखान्याची सोय मिळते. म्हणून पीएफ आणि ईएसआय कापणारी नोकरी ही पाच-सातशे रुपये जास्त देऊन काहीच न कापणाऱ्या नोकरीपेक्षा बरी. पण हप्ता ठरवताना २५,००० धरायचे नाहीत, १८ हजारच धरायचे.

जाहिरातीतला दुसरा शब्द म्हणजे 'सर्वोच्च पॅकेज'. दहा म्हशींच्या गोठ्यात एक म्हैस १८ लिटर देते म्हणून सगळा गोठा १८ लिटरचा होत नाही. समजा, दहा मुलांपैकी एकाला १२ लाखांचं पॅकेज मिळालं आणि नऊ जणांना २ लाख ४० हजारांचं. सरासरी निघते ३ लाख ३६ हजार. आता सर्वोच्चही खरं आणि सरासरीही खरी, पण तुमचं पोरगं त्या नऊ जणांत असण्याची शक्यता जास्त. म्हणून कॉलेजला विचारायचं ते असं : गेल्या वर्षी वर्गात किती मुलं होती? त्यातल्या किती जणांना नोकरी लागली? मधल्या मुलाला किती मिळाले?

टीव्हीवर, मोबाईलवर एमबीएचे पंचवीस-तीस लाखांचे पगार दिसतात, ते खोटे नाहीत. पण ते बहुतेक अहमदाबादच्या आयआयएमसारख्या संस्थांचे असतात. तिथं कॅट नावाच्या अवघड परीक्षेतून प्रवेश मिळतो, आणि तिथली दोन वर्षांची फीच २० लाखांच्या वर आहे. पोरात तेवढी धमक असेल तर जरूर तयारी करू द्या. नागपूरलाही २०१५ पासून आयआयएम आहे. पण तिथला पगार बघून दुसऱ्याच कॉलेजची फी भरायची, हा हिशोब चुकतो.

४. पैसे गटातून की बँकेतून?

गटाचं कर्ज महिना १ किंवा २ टक्क्यांनं असतं, आणि हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. १ लाख घेतले, २० हप्ते केले, तर १ टक्क्यानं पहिला हप्ता ६,००० चा येतो. आणि शिकणारं पोरगं तर दोन वर्षं एक रुपया आणणार नाही. मग हप्ता कुठून? तुमच्या मजुरीतून, दुधाच्या बिलातून, नाहीतर दुसरं कर्ज काढून. हप्ता थकला तर पाठीमागं रांगेत बसलेल्या ताईचं कर्जही अडकतं.

बँकेचं शैक्षणिक कर्ज मुळात यासाठीच असतं. शिक्षण चालू असताना आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतं. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सरकारी हमी योजनेत बसत असेल तर साडेसात लाखांपर्यंतही तारणाशिवाय मिळू शकतं. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना आहे. त्यासाठी कॉलेजला नॅक किंवा एनबीएचं मूल्यांकन लागतं. बँकेत गेल्यावर हे आपल्या तोंडानं विचारा.

आता हप्ता बघू. ४ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज. ५ वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे ८,५०० रुपये. १० वर्षांत फेडायचं तर सुमारे ५,३००. शिक्षणाच्या काळात चढलेलं व्याज यात धरलेलं नाही. वरचा १८,१५० वाला मुलगा पुण्यात राहिला, आणि समजा खोली-मेसला ९,००० आणि येणं-जाणं-फोनला २,००० गेले, तर उरतात ७,१५०. म्हणजे पाच वर्षांचा हप्ता त्याला झेपत नाही. दहा वर्षांचा झेपतो, पण घरी पाठवायला काही उरत नाही. तोच मुलगा घरी राहून कागलला कामाला गेला आणि हातात १५,००० जरी आले, तरी चित्र बदलतं. पगाराचा मोठा आकडा आणि उरणारा पैसा यांत फरक आहे.

मग गटाचं कर्ज शिक्षणाला द्यायचंच नाही का? द्यायचं. पण लहान आणि लवकर फिटणाऱ्या गोष्टींना : सीईटीचा फॉर्म, दाखले, टॅली-जीएसटीचा कोर्स, जुना लॅपटॉप, पहिल्या नोकरीला लागताना खोलीचं डिपॉझिट. दोन-तीन वर्षांच्या फीला बँक, आणि पाच-दहा हजारांच्या अडचणीला गट.

५. कमी खर्चाचे रस्ते

एमबीए हा एकच रस्ता नाही. हे चार रस्तेही घरात बोलून बघा.

बँकेची परीक्षा. आयबीपीएसची क्लार्कची आणि अधिकाऱ्याची परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येते. क्लार्कसाठी वय २० ते २८, अधिकाऱ्यासाठी २० ते ३०. ओबीसींना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत आहे. २०२४ च्या वेतन करारानुसार सरकारी बँकेत क्लार्कचा सुरुवातीचा मूळ पगार २४,०५० आणि अधिकाऱ्याचा ४८,४८० आहे, भत्ते वेगळे. क्लार्कची परीक्षा मराठीतूनही देता येते. स्पर्धा खूप आहे, एक-दोन वर्षं अभ्यास लागतो. पण त्यासाठी महागडी पदवी लागत नाही.

जीडीसी अँड ए. ही सहकार आयुक्तांची पदविका परीक्षा वर्षातून एकदा होते. सहकारी संस्थांचं दरवर्षी लेखापरीक्षण करावंच लागतं. पदवी, ही परीक्षा आणि लेखापरीक्षणाचा अनुभव असेल तर प्रमाणित लेखापरीक्षक होता येतं. आपल्या जिल्ह्यात जिथं गल्लीला एक संस्था आहे, तिथं हे गावात राहून करण्यासारखं काम आहे.

सीए. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, फायनल, आणि दोन वर्षं सीएच्या हाताखाली काम. एमबीएच्या मानानं फी कमी, पण पास होणं अवघड आणि वर्षं किती लागतील सांगता येत नाही. चिकाटीच्या पोरीला-पोराला उत्तम.

काम करत शिक्षण. शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून वाणिज्य आणि व्यवस्थापनाचं शिक्षण नोकरी सांभाळून घेता येतं. शिक्षण अर्धं राहिलेल्या आपल्या सुनांनाही हे दार उघडं आहे. आपल्या ग्रामसंघाचे हिशोब लिहिणाऱ्या कितीतरी ताई बी.कॉम. सहज करतील.

६. लेकीचा हिशोब वेगळा का?

एक गोष्ट आपण सगळ्यांनी मनाला विचारायला हवी. मुलाच्या एमबीएसाठी कर्ज काढायचा विषय निघतो, आणि मुलीला 'गावाजवळच काय ते कर, लग्नात खर्च आहेच' म्हणतो. पैशाच्या बाजूनं बघितलं तरी हे बरोबर नाही. कारण मुलीचा खर्च आज मुलापेक्षा कमी येऊ शकतो.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या आहेत. अटी लक्षात ठेवा. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत नाही. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. वसतिगृह, मेस, पुस्तकं आणि इतर फी आपल्यालाच भरावी लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास हे कागद निकालानंतर धावपळीत काढण्यापेक्षा आत्ताच काढून ठेवा, आणि मुलीचं बँक खातं आधारला जोडून घ्या. एका दाखल्यापायी हजारो रुपयांची सवलत जाऊ नये.

नोकरी लागताना लेकीनं पगाराबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात. नेमणुकीचं पत्र मिळणार का? पीएफ-ईएसआय आहे का? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती आहे का? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ही समिती कायद्यानं सक्तीची आहे, आणि तिथं बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजाही पहिल्या दोन मुलांसाठी कायद्यानं मिळते. हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही.

७. पुढच्या बैठकीतला सराव

गावातल्या एका नोकरदार मुलीला किंवा मुलाला बैठकीला बोलवा. त्यांना चालत असेल तर पगाराची पावती घेऊन यायला सांगा. वरच्या तक्त्याप्रमाणं ओळ न् ओळ वाचा : काय मिळतं, काय कापतं, हातात काय येतं. नंतर शिक्षणासाठी आलेल्या कर्जमागणीला हे सात प्रश्न विचारा आणि उत्तरं ठराव वहीत लिहा.

१. पदवी कुठली, आणि ती देणार कोण?
२. फी, राहणं, खाणं, प्रवास धरून सगळी वर्षं मिळून खर्च किती?
३. सवलत, शिष्यवृत्ती किती मिळणार? कागद तयार आहेत का?
४. उरलेला पैसा घरचा किती, बँकेचा किती, गटाचा किती?
५. त्या कॉलेजमधून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलांशी बोललात का? त्यांच्या हातात किती पडतात?
६. पोरगं शिकत असताना गटाचा हप्ता कशातून जाणार?
७. हीच मागणी मुलीसाठी असती तर आपण हेच उत्तर दिलं असतं का?

कुणाचं कर्ज अडवण्यासाठी हे प्रश्न नाहीत. उत्तरं नसतील तर मागणी नाकारू नका, आठवडाभर वेळ द्या आणि पोराला किंवा पोरीलाच बैठकीत बोलवा. ज्याला व्यवसायाचं शिक्षण घ्यायचं आहे, त्यानं आपला पहिला हिशोब आईच्या गटासमोर मांडावा. तो नीट मांडता आला तर त्याच्या शिक्षणाची सुरुवात तिथंच झाली समजा, आणि गटानंही मग हात आखडता घेऊ नये.

तुमच्या गटात या सरावातून काय निघालं, ते ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा किंवा सीआरपी ताईंकडं लिहून द्या. दाखले, महाडीबीटी किंवा बँकेच्या अर्जात अडचण असेल तर मी गावभेटीला येईन तेव्हा कागद घेऊन बसा, आपण मिळून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक